काचेवरचे क्षार

सत्यम येणार असला की राजश्री सकाळपासून येसराच्या आमटीच्या तयारीला लागायची, आणि शेषेरावांच्या पोटात तेव्हापासूनच दुखायला लागायचं. आमटी पोटात जायच्या कितीतरी आधी. दुखणं असलं होतं की डॉक्टरला दाखवायची सोय नव्हती, आणि बायकोला सांगायची तर त्याहून नव्हती. सख्ख्या भावावर जळतो, असं कुणी कबूल करतं का? आणि भाऊ तरी कसला, तर बारा वर्षांनी धाकटा, स्वतःच्या हातानं आंघोळी घालून वाढवलेला, स्वतःच्या पगारातून शिकवलेला. अशा भावाचं चांगलं झालं तर माणसानं गावभर पेढे वाटावेत. शेषेरावांनी वाटलेही होते. वाटताना तोंड हसरं ठेवून ठेवून जबडा दुखला होता, एवढंच.

निलंग्यापासून बारा किलोमीटरवर ‘भूमिजा ऊर्जा’ कंपनीचं कोळशाचं वीजकेंद्र होतं. शेषेराव बिराजदार तिथे एकोणतीस वर्षं नोकरीला, आणि एकोणतीसही वर्षं पाण्याच्या खात्यात. आता विजेच्या कारखान्यात पाण्याचं काय काम, असं विचाराल तर सांगतो. आमच्या भागातल्या बोअरचं पाणी लई जड. त्यात तुरीची डाळ धड शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नवा हंडा चार महिन्यांत आतून पांढरा होतो. तेच पाणी बॉयलरला पाजलं तर नळ्यांना आतून तसाच थर धरतो आणि एक दिवस नळी फुटते. म्हणून पाण्यातले सगळे क्षार काढून टाकायचे, ते अगदी निव्वळ करायचं, आणि मगच पुढे सोडायचं. हे काम त्यांना शंकरप्पा नावाच्या बिदरकडच्या म्हाताऱ्या फोरमननं शिकवलं. शंकरप्पाचा मीटरवर भरवसा नव्हता. तो पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि त्यात क्षार किती त्याचा आकडा सांगायचा. पुढे शेषेरावही सांगायला लागले. बाहेरून आलेले साहेब लोक गंमत म्हणून तीन ग्लास पुढे ठेवायचे आणि शेषेराव तिन्ही बरोबर ओळखायचे. त्या केंद्रात त्यांना एवढाच मान होता, पण तो त्यांचा स्वतःचा होता.

आणि मग कंपनीला हवामानाची फिकीर लागली. गेटवर मोठा हिरवा बोर्ड लागला की दोन हजार चाळीसपर्यंत आम्ही हवामान-तटस्थ होणार, म्हणजे आमच्यामुळे हवेत जास्तीचा धूर म्हणून उरणार नाही. उरणार नाही तर नाही, चांगलंच आहे, चिमणीखालच्या गावांत धुणं वाळत घातलं की काळं व्हायचं, ते सगळ्यांनी पाहिलेलं. पण धूर बंद करायचा म्हणजे बॉयलर बंद करायचा, आणि कंपनीच्या सगळ्या बॉयलरांत पहिला नंबर लागला तो आपल्याच बॉयलरचा. कुंपणाच्या पलीकडे दोनशे एकरांत सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या. ठरलं असं की प्लेटांनी वर्षभर कबूल केलेली वीज दिली, तर येत्या मार्चअखेर बॉयलर थंड करायचा, सोलरचा दुसरा टप्पा इथेच आणायचा आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस लोकांना त्यात घ्यायचं. नाही दिली, तर कोळशाला आणखी दोन वर्षं मिळतील. निदान कँटीनमध्ये सगळे असंच बोलत होते. आणि हे सगळं करून दाखवायला कंपनीनं जो माणूस पाठवला, नांदेडच्या विभागीय कार्यालयातला सगळ्यात मोठ्या केबिनीतला माणूस, तो सत्यम.

इथे थोडं मागचं सांगावं लागतं. ९३ साली शेषेराव एकोणीस वर्षांचे होते. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नाव दाखल होऊन सव्वा महिना झाला होता. हॉस्टेलच्या खोलीत त्यांची ट्रंक होती, ड्रॉइंगचा बोर्ड होता, टी-स्क्वेअर होता. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे भूकंप झाला, त्यात आई-वडील दोघंही गेले. सात वर्षांचा सत्यम माळवदाच्या लाकडाखाली सापडला, एका पायाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. शेषेराव गावाकडे आले ते परत गेलेच नाहीत. दुसऱ्या वर्षी हे वीजकेंद्र सुरू झालं, भूकंपात उघड्यावर पडलेल्या पोरांना आधी घेतलं, आणि इंजिनिअर व्हायला निघालेला माणूस पाण्याच्या टाक्यांवर मदतनीस म्हणून लागला. ट्रंक एका मित्रानं एसटीवर टाकून पाठवून दिली.

मग सत्यमला शिकवायचं, हे एकच धरून ठेवलं. दहावीला तो तालुक्यात पहिला आला, तेव्हा लातूरला क्लासेसचा नुसता पूर आला होता. गल्लीगल्लीत बोर्ड, खोल्याखोल्यांत दहा-दहा पोरं. शेषेरावांनी डबल ड्यूट्या केल्या, राजश्रीनं दुसऱ्यांच्या पोरांचे डबे करून दिले, आणि सत्यम लातुरात राहून शिकला, झळकला, पुढे बाहेर जाऊन मोठा इंजिनिअर झाला. तोवर शेषेरावांना खरंच काही वाटत नव्हतं, उलट छाती फुगायची. भाऊ लांब असेपर्यंत सगळं गोड होतं. तो आपल्याच कुंपणापाशी साहेब होऊन उतरला, तिथून बिनसलं.

कारण आता रोज दिसायला लागलं. गेटवरचा पंढरी वॉचमन शेषेरावांना एकोणतीस वर्षं नुसती मान हलवायचा, तो सत्यमची गाडी दिसली की खाडकन उभा राहायचा. ज्या चीफ इंजिनिअरनं शेषेरावांना कधी खुर्ची दिली नव्हती, तो सत्यमसाठी स्वतः खुर्ची ओढायचा. आणि सगळ्यात वाईट काय, तर लोक येऊन शेषेरावांचंच कौतुक करायचे. तुम्ही घडवलंत हो त्याला. तुमच्या कष्टाचं फळ. शेषेराव हात जोडायचे आणि मनात म्हणायचे, फळ माझ्या कष्टाचं, मग खातंय कोण? ती खुर्ची माझी होती. नांदेडचं कॉलेज माझं होतं. मी सोडलं म्हणून ह्याला शिकायला मिळालं. एकदा हा विचार डोक्यात शिरला की दिवसभर निघायचा नाही, पाण्याच्या नोंदी लिहितानाही हात थांबायचा.

त्यात ते ट्रेनिंग आलं. बॉयलरच्या लोकांना सोलरचं शिकवायचं म्हणून कंपनीनं लातूरला क्लासेसच्या गल्लीत एक हॉल भाड्यानं घेतला. तिथला क्लास मोठ्या इमारतीत गेला होता, बाकडी आणि भिंतीवरचे फोटो तसेच मागे राहिले होते. पन्नाशीला टेकलेले गडी त्या पोरांच्या बाकड्यांवर गुडघे वाकडे करून बसले. शेषेरावांना जागा मिळाली ती भिंतीकडेची, आणि मान वर केली तर समोर सत्यमचा फोटो. सालानुसार लावलेल्या हुशार पोरांच्या फोटोंच्या रांगेत २००४ सालचा, मिसरूड फुटलेला, रंग उडालेला सत्यम. अंगात शर्ट शेषेरावांचा. लग्नातला, त्यांचा एकमेव बरा शर्ट, फोटोसाठी म्हणून त्यांनीच दिलेला. शिकवणाऱ्या बाई ऋतुजा मॅडम, वय चोवीस-पंचवीस. त्यांनी शेवटच्या दिवशी परीक्षा घेतली. शेषेरावांना तीसपैकी अकरा पडले. मॅडम वाईट बोलल्या नाहीत, उलट हसून म्हणाल्या की तुम्ही सत्यम सरांचे बंधू ना, सरांना विचारत जा घरी. शेषेरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

पावसाळाभर प्लेटा पावसानंच धुऊन निघाल्या आणि विजेचा आकडा ठरल्यापेक्षाही वर गेला. हवामान-तटस्थतेच्या बोर्डाखाली सत्यमचा सत्कार झाला. ऑक्टोबरात पाऊस थांबला, धूळ बसायला लागली, तेव्हा ठेकेदारानं शेतातल्या बोअरला मोटर बसवली आणि बायका लावून प्लेटा धुवायला सुरुवात केली. दहाएक दिवसांनी शेषेराव जेवणाच्या सुट्टीत सहज कुंपणापलीकडे गेले. वाळलेल्या काचेवर त्यांना पांढुरकी झाक दिसली. कुणालाही धूळच वाटावी अशी. त्यांनी बोट ओलं करून काचेवर फिरवलं आणि जिभेला लावलं, मग धुण्याच्या पाइपातून गळणारं पाणीही चाखलं.

क्षार. नऊशेच्या पुढेच, हजाराला थोडं कमी.

दुसरा कुणी असता तर धावत सुटला असता. शेषेरावांना पुढचं सगळं एका क्षणात कळलं. ह्या पाण्यानं जितक्या वेळा धुवाल तितका थर वाढणार. वरून ऊन. थर काचेवर भाजून घट्ट बसणार, ऊन आत शिरायचं कमी होणार, वीज घटणार. आणि उपायही कळला, तो तर तीनशे पावलांवर त्यांच्याच टाक्यांत भरलेला होता. एक पाइप ओढून निव्वळ पाणी इकडे आणलं की झालं. कुणीतरी येऊन विचारायची खोटी होती. ते काही न बोलता परत आले, हात धुतले आणि भाकरी खाल्ली. भाकरी त्या दिवशी गोड लागली, हे खोटं कशाला सांगू.

सत्यमनं विचारलं, आणि तेही घरी, ताटावर. दर मंगळवारी तो नांदेडहून केंद्रावर यायचा आणि दुपारी दादाकडे जेवायचा. राजश्रीनं त्याच्या वाटीत आमटी वाढली, वरची तर्री त्याला, खालची पातळ नवऱ्याला. अशा गोष्टी शेषेराव हल्ली मोजायला लागले होते. सत्यम भाकरी चुरता चुरता म्हणाला, “दादा, प्लेटांवर पांढरं पांढरं धरून राहिलंय. पाण्याचं तर नसंल?”

त्याचा आवाज लहानपणी गणित अडलं की वही घेऊन यायचा तेव्हासारखा होता. शेषेरावांनी एक घास पुरा चावला. सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं. मग त्यांना वाटलं, आता मी सांगणार, हा नांदेडला जाऊन मीटिंगमध्ये मांडणार, टाळ्या ह्याला, पुन्हा सत्कार ह्याचा, आणि मला वर्षाअखेर एखादी शाल. त्यात मार्चला बॉयलर बंद, म्हणजे जी काय इज्जत होती तीही गेली.

“धूळ हाय ती,” शेषेराव म्हणाले. “रस्त्याचं काम चालू हाय ना तिकडं. आणखी धुवा.”

“आणि पाणी?”

“पाणी गोडं हाय त्या बोअरचं. मी चाखलंय.”

सत्यमनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आणखी आमटी मागितली. विषय तिथेच संपला. पुढच्या आठवड्यापासून प्लेटा महिन्यातून दोनदा नाही, चारदा धुवायला लागल्या.

दिवाळीनंतर आकडा उतरायला लागला. डिसेंबरात थंडीत आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, तरी वीज कमी. संक्रांतीला आणखी कमी. सत्यमनं वायरी तपासल्या, यंत्रं तपासली, बंगळूरहून माणसं बोलावली. ती माणसं म्हणाली काच खराब झालीय, पण कशानं ते लेखी द्यायला तयार होईनात. सत्यम वाळला. मंगळवारी यायचा तो अर्धी भाकरी ठेवून उठायचा. आणि शेषेराव? त्यांना पहिले दोन महिने मजा वाटली, हे सांगितलंच पाहिजे. कँटीनमध्ये लोक म्हणायचे की सोलरचं काही खरं नाही, कोळसा तो कोळसा, आणि शेषेराव गालातल्या गालात हसायचे. पंढरीनंसुद्धा गाडी आल्यावर खाडकन उभं राहायचं सोडलं. पण शिळ्या भाकरीला बुरशी लागते तशी त्या मजेलाही लागली. रात्री झोप लागेना, पाण्याच्या नोंदीत चुका व्हायला लागल्या. दोनदा त्यांनी फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. प्रत्येक आठवड्याला सांगणं आणखी अवघड होत होतं, कारण आता नुसतं पाणी कसं आहे एवढंच सांगून भागणार नव्हतं, इतके दिवस गप्प का बसलास हेही सांगावं लागणार होतं.

राजश्री मुकी नव्हती. त्या मजेच्या दिवसांतच एका सकाळी चहा देताना तिनं सरळ विचारलं होतं, की भावजीचं काम बिघडायला लागल्यापासून तुमचा चेहरा कसा फुललाय, तुमच्या मनात त्याच्यावर काही आहे का. शेषेराव तिच्यावर असे भडकले की शेजारच्या गंगम्मानं खिडकीतून डोकावून बघितलं. एवढं कुणी उगाच भडकत नाही, हे राजश्रीला कळलं असणारच. तिनं पुन्हा विचारलं नाही.

फेब्रुवारीत नांदेडला मोठी बैठक झाली. मुंबईहून साहेब आले होते. शेषेराव तिथे नव्हते, पण संध्याकाळपर्यंत बातमी निलंग्यात पोचली, आणि ती कँटीनमध्ये ठरली होती तशी मुळीच नव्हती. कोळसा मार्चलाच बंद. त्याचं सोलरशी काही देणंघेणं नव्हतं, वरच्यांनी जगाला शब्द दिला होता आणि तो मोडायचा नव्हता. दोन वर्षं वाढवून मिळतील ही नुसती कँटीनची हवा. बदललं एवढंच, की इथल्या प्लेटा चालत नाहीत म्हणून सोलरचा दुसरा टप्पा आता राजस्थानात जाणार. म्हणजे बॉयलरही गेला आणि त्याच्या बदल्यात येणारं कामही गेलं. एकशे चाळीसपैकी तीस जणांना ठेवणार, बाकीच्यांना हिशेब देऊन घरी. साहेबांनी मुंबईत काच तपासून घेतली होती, थर बोअरच्या पाण्याचाच निघाला होता; त्यांनी विचारलं, ह्या पाण्यानं धुवायचं कुणी ठरवलं? सत्यम म्हणाला, मी. आणखी कुणाचं नाव त्यानं घेतलं नाही. त्याला पुण्याला बसवलं, एका अशा टेबलावर की ज्याला नाव आहे पण काम नाही.

रविवारी दुपारी तो निरोप घ्यायला आला. ह्या खेपेला गाडी कंपनीची नव्हती, उदगीर-निलंगा एसटीनं आला होता, कपाळावर घाम होता. राजश्रीनं पाणी दिलं. शेषेराव खाटेवर बसले होते, त्यांनी सरकून जागा केली. त्या तीस जणांत आपलं नाव आहे, हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. यादी सत्यमनंच केली होती, जाता जाता.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग सत्यम म्हणाला की खरं सांगायचं तर चूक त्याचीच झाली. कागद त्याच्या हातात होता. नांदेडच्या एका खासगी लॅबमध्ये अनिमेष जोशी म्हणून केमिस्ट होते. ऑक्टोबरातच त्यांनी बोअरचं पाणी तपासून लेखी दिलं होतं, हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, साडेनऊशे, ह्या पाण्यानं काच धुऊ नये. तो रिपोर्ट त्या मंगळवारी सत्यमच्या बॅगेत होता. आमटी खाताना बॅग इथेच, ह्या खाटेखाली होती.

“मग?” शेषेराव म्हणाले.

“मग काय. तू म्हणलास गोडं हाय, मी चाखलंय.” सत्यम थोडं हसला. “मला वाटलं रिपोर्ट चुकला. दादा कसा चुकंल? मी त्या जोशींना फोन करून लई बोललो. तुमचे नमुने बदलले, तुम्हांला धड तपासता येत न्हाई, असं. त्यांच्या लॅबचं कामच बंद केलं. साठीला आलेला माणूस, एक शब्द उलटा बोलला न्हाई. म्हणाला, सर, पुन्हा तपासून देऊ का? मी न्हाई म्हणलो.”

राजश्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. कुकरची शिट्टी झाली तरी ती हलली नाही.

“तू मनाला लावून घेऊ नको दादा,” सत्यम म्हणाला आणि त्यानं शेषेरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू थोडंच मुद्दाम सांगितलं? काचेचं न् सोलरचं तुला काय माहीत असणार. तू बॉयलरचा माणूस. मीच तुला विचारायला नको होतं.”

शेषेरावांनी त्या हाताकडे पाहिलं. बरं, आता नुसतं गप्प बसलं की भागत होतं. अडाणी ठरले असते, बस. भाऊ भाऊच राहिला असता, मंगळवारी नाही तरी सणासुदीला येत राहिला असता, राजश्रीनं आमटी केली असती. पण एवढे महिने ज्या गोष्टीसाठी ते जळत होते ती हीच होती, की ह्याला सगळं कळतं आणि मला काही कळत नाही. आणि ह्यानं ती आता किती मायेनं, गुडघ्यावर हात ठेवून सांगितली. त्यांच्या आतून काहीतरी उसळलं. तो राग होता, लाज होती की आणखी काय, त्यांचं त्यांना कळलं नाही.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “तू विचारायच्या आधीपासून. प्लेटवर बोट फिरवून जिभेला लावलं होतं, पाणीही चाखलं होतं. साडेनऊशे, मीही तेवढंच धरलं होतं. आपल्या टाकीतून पाइप ओढला असता तर एका दिवसात भागलं असतं. थर बसला तोही थोडं ॲसिड घातलेल्या आंबट पाण्यानं निघत होता, मला येतं ते. मी सांगितलं न्हाई.”

सत्यमचा हात गुडघ्यावरच होता. “का?”

“तुझ्यावर जळत होतो.”

सत्यमला आधी ते कळलंच नाही. कुणावर जळत होतास असं त्यानं विचारलं, तेव्हा शेषेरावांना पुन्हा सांगावं लागलं, तुझ्यावर, तुझ्या खुर्चीवर, नांदेडच्या कॉलेजवर, लातूरच्या त्या फोटोवर. एकदा तोंड उघडलं तर ते बोलतच सुटले. मला वाटलं तू पडशील आणि बॉयलर राहील. एकशे दहा माणसं घरी बसतील असं वाटलं नव्हतं. तुझं असं होईल असं... इथे मात्र ते थांबले, कारण तसं वाटलं होतंच, आणि त्या दुपारी तरी त्यांना खोटं बोलवेना. दारात राजश्रीनं पदर तोंडाला लावला.

सत्यमनं हात काढून घेतला. चिडून नाही, सावकाश. तो ओरडेल, शिव्या घालेल, पाण्याचा पेला भिरकावेल असं शेषेरावांना वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. त्यानं खिशातून फोन काढला, नाव शोधलं आणि लावला. उठून बाहेर गेला नाही, तिथेच खाटेवर बसून बोलला.

“जोशी साहेब, मी सत्यम बिराजदार बोलतोय. हो, तोच. तुमचा रिपोर्ट बरोबर होता. मी तुम्हांला जे बोललो त्याची माफी मागायला फोन केलाय. तुमच्या लॅबला मी तसं लेखीही कळवतो.”

पलीकडचा माणूस काहीतरी बराच वेळ बोलत होता. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, शांत, खोलीत सगळ्यांना ऐकू येईल इतपत स्पष्ट होता. ते म्हणाले, जाऊ द्या हो सर, होतं असं. मला फक्त एकच समजलं नव्हतं. तुम्ही शिकलेले, रिपोर्ट समोर असताना तुम्ही मानला नाही, म्हणजे कुणीतरी फार भरवशाच्या माणसानं सांगितलं असणार. कोण होतं ते?

शेषेराव मान खाली घालून ऐकत होते. सत्यमनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“कंपनीतला एक माणूस होता,” तो म्हणाला. “पाणी बघायचा.”